राजकीय नेमणुकीने आलेल्यांवर पदानंतरची बंधने: महाराष्ट्रात कायदा हवा की नको?

धरमपेठकर (धागाकर्ता)

परीक्षा देऊन शासकीय सेवेत आलेल्या अधिकाऱ्यावर निवृत्तीनंतरही काही बंधने राहतात. अखिल भारतीय सेवांच्या १९५८ च्या सेवानिवृत्ती लाभ नियमांतील नियम २६ नुसार, निवृत्तीनंतर एका वर्षाच्या आत व्यापारी स्वरूपाची नोकरी पत्करायची असेल तर सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. केंद्रीय सेवांतील गट अ च्या अधिकाऱ्यांनाही असाच नियम असून तिथे पूर्वी दोन वर्षांची असलेली मुदत २००७ मध्ये एका वर्षावर आली. या नियमात पळवाटा आहेत आणि परवानग्या सढळ हाताने दिल्या जातात अशी टीकाही होते, पण नियम आहे. याउलट महामंडळाचा शासननियुक्त अध्यक्ष, किंवा शासकीय सेवेत नसताना थेट मंत्र्यांच्या कार्यालयात घेतलेला विशेष कार्य अधिकारी, पद सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच खात्याकडे काम असलेल्या कंपनीचा सल्लागार होऊ शकतो. त्याला अडवणारे एक कलमही आपल्याकडे नाही.

ही पदे दुय्यम आहेत असे कोणी समजू नये. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाची संख्या विधानसभेच्या पंधरा टक्क्यांवर बांधली, त्यामुळे २८८ सदस्यांच्या आपल्या विधानसभेत मुख्यमंत्र्यांसह ४३ मंत्री होऊ शकतात. ज्यांना त्यात जागा मिळत नाही त्यांची सोय महामंडळांवर लावायची हा सर्वपक्षीय रिवाज झाला आहे. खनिकर्म महामंडळ आणि वनविकास महामंडळ यांची मुख्यालये आपल्या नागपुरातच आहेत, शहर विकासाचे काम पाहणाऱ्या नागपूर सुधार प्रन्यासावर शासननियुक्त विश्वस्त असतात, आणि कोळसा, लाकूड, बांबू, भूखंड, निविदा हे सगळे विषय या दालनांतून जातात. मी इथे कोणा आजीमाजी पदाधिकाऱ्यावर आरोप करीत नाही. प्रश्न रचनेचा आहे. ज्याला निविदेच्या अटी कशा ठरतात, कोणता अभियंता कशावर अडून बसतो आणि पुढच्या वर्षी कोणता भूखंड निघणार आहे हे आतून ठाऊक आहे, त्याची ती माहिती जनतेच्या पैशाने मिळालेली आहे. ती त्याने पुढच्या महिन्यात विकायला काढू नये, एवढी अपेक्षा लिखित नियमात का असू नये?

फेब्रुवारी २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीरपणे सांगितले होते की मंत्र्यांकडून खासगी सचिव आणि विशेष कार्य अधिकारी या पदांसाठी आलेल्या १२५ नावांपैकी १०९ नावांना त्यांनी मान्यता दिली आणि ज्यांच्यावर आक्षेप होते ती नावे रोखली. त्या निर्णयाचे मी मनापासून स्वागत करतो. तथापि ही चाळणी आत येतानाची आहे आणि ती एका व्यक्तीच्या इच्छेवर चालते. बाहेर पडतानाची चाळणी अजिबात नाही. अधिवेशन नागपुरात भरते, तेव्हा या मागणीची सुरुवातही नागपुरातून व्हावी असे मला वाटते. जाणकारांनी कायद्याच्या अंगाने लिहावे.


वकील_सिव्हिल_लाइन्स

धरमपेठकर काका, विषय योग्य वेळी काढलात. अशी बंधने परदेशातून आणलेली कल्पना आहे आणि आपल्याकडे ती रुजणार नाही, असा आक्षेप नेहमी येतो, म्हणून त्याबद्दल आधी लिहितो. पद सोडल्यानंतरचे बंधन आपल्या राज्यघटनेतच आहे, आणि तेही तात्पुरते नाही. अनुच्छेद २२० नुसार उच्च न्यायालयाच्या कायम न्यायाधीशाला निवृत्तीनंतर, सर्वोच्च न्यायालय आणि इतर उच्च न्यायालये वगळता, कोठेही वकिली करता येत नाही. अनुच्छेद १२४(७) प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला भारतातील कोणत्याच न्यायालयात उभे राहता येत नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकाला अनुच्छेद १४८(४) मुळे पुढे केंद्राचे वा राज्याचे कोणतेही पद घेता येत नाही, आणि लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षांवर अनुच्छेद ३१९ ची बंधने आहेत. घटनाकारांनी ही माणसे अप्रामाणिक आहेत असे गृहीत धरले नव्हते. पुढच्या लाभाची आशा आजच्या निर्णयावर पडू नये, एवढाच त्यामागचा विचार होता.

मंत्र्यांसाठी आचारसंहिता आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधासाठी नेमलेल्या संथानम समितीच्या अहवालानंतर १९६४ मध्ये केंद्राने ती स्वीकारली आणि ती राज्यांच्या मंत्र्यांनाही लागू आहे. पद घेण्यापूर्वी मालमत्ता व व्यावसायिक हितसंबंध जाहीर करणे, उद्योगाच्या कारभारातून बाजूला होणे, सरकारला माल वा सेवा पुरवणाऱ्या उद्योगातील हितसंबंध सोडणे, दरवर्षी ३१ ऑगस्टपर्यंत विवरण देणे अशा अटी तिच्यात आहेत. पण तो उद्योग पती वा पत्नी सोडून दुसऱ्या सज्ञान नातलगाकडे सोपवण्याची मुभाही तिच्यात आहे, आणि राज्यातल्या मंत्र्याने ती मोडली तर दाद मागायची ती मुख्यमंत्र्यांकडेच. ही संहिता कायदा नसल्याने न्यायालयात तिच्या आधारे काही मिळत नाही. शिवाय तिचा अंमल पदाबरोबर सुरू होतो आणि पदाबरोबर संपतो.

राहता राहिला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा. २०१८ च्या दुरुस्तीने आलेले कलम ७अ, लोकसेवकावर वैयक्तिक प्रभाव टाकून काम करून देण्यासाठी लाभ घेणाऱ्या कोणालाही लागू होते आणि त्यात तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे. परंतु लोकसेवकाने कर्तव्य अयोग्य रीतीने किंवा अप्रामाणिकपणे पार पाडावे हा हेतू फिर्यादी पक्षाला सिद्ध करावा लागतो. माजी अध्यक्षांनी येऊन ‘नियमात बसत असेल तर लवकर करा’ एवढेच सांगितले आणि त्यासाठी कंपनीकडून दरमहा सल्लागार शुल्क घेतले, तर हे कलम तिथवर पोहोचत नाही. धाग्याचा विषय नेमका याच मोकळ्या जागेचा आहे.


बुटीबोरी_उद्योजक

मी कायद्याचा जाणकार नाही, तरीही छोटा कारखानदार म्हणून जे पाहिले ते लिहितो.

काही वर्षांपूर्वी आमच्या युनिटचा प्रोत्साहन अनुदानाचा प्रस्ताव एका कार्यालयात अडकला होता. आवक क्रमांक होता, पोच होती, स्मरणपत्रे होती. मुंबईला दोनदा जाऊन आलो, पण काय अडले आहे ते कोणी सांगेना. अधिवेशनाच्या काळात संबंधित मंत्री नागपुरात आहेत असे कळल्यावर फाईल काखेत घेऊन त्यांच्या निवासस्थानी गेलो आणि बाहेरच्या मांडवात अभ्यागतांच्या रांगेत बसलो. दुपारी एक गृहस्थ आले. पास नाही, नोंद नाही. दारावरच्या शिपायाने उठून नमस्कार केला आणि ते सरळ आत गेले. आधीच्या मंत्र्यांकडे ते विशेष कार्य अधिकारी होते, हे शेजारी बसलेल्या माणसाने मला सांगितले. बाहेर आल्यावर तेच माझ्याजवळ थांबले, काम विचारले, आवक क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून घेतला आणि पुन्हा आत गेले. दहा मिनिटांत परत येऊन त्यांनी मला सांगितले की नस्तीवर ‘तपासून सादर करावे’ असा शेरा आहे, खालच्या डेस्कने एक प्रमाणपत्र कमी असल्याची टिपणी लिहिली आहे आणि ते पत्र माझ्यापर्यंत निघालेलेच नाही. ही माहिती मला माहितीच्या अधिकारात अर्ज करूनही मिळाली नव्हती. पुढचे बोलणे मंजूर रकमेच्या टक्केवारीचे होते. मी नाही म्हटले, प्रमाणपत्र स्वतः जोडले आणि अनुदान बऱ्याच उशिरा का होईना मिळाले. माझ्या बरोबरीच्या दोघांनी मात्र टक्केवारी दिली. त्यांना मी दोष देत नाही, कारण बँकेचा हप्ता कोणासाठी थांबत नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो. मंत्रालय इथून आठशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. पुण्याचा उद्योजक सकाळी निघून संध्याकाळी घरी परत येतो. आम्हाला मात्र एका सहीसाठी तीन दिवस घालवावे लागतात, आणि म्हणूनच लायझनिंग करणाऱ्यांचा धंदा विदर्भात इतका चालतो. तुमच्या कायद्याने आमच्या उद्योजक संघटनांच्या निवेदनांवर, किंवा आमचे कागद घेऊन जाणाऱ्या साध्या सल्लागारावर गदा आली, तर ज्यांचे मुंबईत स्वतःचे कार्यालय आहे त्या मोठ्या कंपन्यांचेच फावेल. बंदी घालायची तर ती पद भोगून गेलेल्यांवर घाला. मत मांडण्यावर घालू नका.


रामदासपेठ_वाचक

उद्योजक भाऊंचा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. मी लोकप्रशासन शिकवते, म्हणून अमेरिकेतील अनुभव थोडा विस्ताराने मांडते, कारण राजकीय नेमणुकांची संख्या तिथे हजारोंच्या घरात आहे आणि त्यांच्या चुका आपल्याला फुकट शिकता येतात.

तिथे दोन प्रकारची बंधने शेजारी शेजारी आहेत. एक कायद्याचे. पदावर असताना ज्या विशिष्ट प्रकरणात स्वतः भाग घेतला, त्या प्रकरणात पुढे कधीही दुसऱ्याच्या वतीने सरकारपुढे उभे राहता येत नाही. जी प्रकरणे अखेरच्या वर्षात आपल्या अधिकाराखाली होती, त्यांच्याबाबत ही बंदी दोन वर्षांची असते. वरिष्ठ पदाधिकाऱ्यांना आपल्या जुन्या खात्याशी एक वर्ष आणि सर्वोच्च स्तरावरील व्यक्तींना दोन वर्षे संपर्क साधून शब्द टाकता येत नाही. हा फौजदारी कायदा आहे, आणि राष्ट्राध्यक्ष बदलला म्हणून तो बदलत नाही.

दुसरे बंधन राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने येते. नेमणूक घेताना प्रतिज्ञापत्रावर सही करायची असते आणि त्यात कायद्याहून कडक अटी असतात. क्लिंटन यांनी १९९३ मध्ये पाच वर्षांची बंदी घातली आणि पद सोडण्यापूर्वी, डिसेंबर २००० मध्ये, स्वतःच ती उठवली. ओबामा यांनी २००९ मध्ये दोन वर्षांची अट आणली, सरकारात येणाऱ्या लॉबिस्टांवरही (म्हणजे मोबदला घेऊन सरकारपुढे दुसऱ्याची बाजू मांडणाऱ्यांवरही) निर्बंध घातले, आणि त्याच महिन्यात संरक्षण खात्याच्या उपमंत्रिपदासाठी रेथिऑन या शस्त्रास्त्र कंपनीचे माजी लॉबिस्ट विल्यम लिन यांना सूट दिली. ट्रम्प यांनी २०१७ मध्ये पुन्हा पाच वर्षांचा आदेश काढला आणि जानेवारी २०२१ मध्ये पद सोडण्याच्या अखेरच्या तासांत तो रद्द केला, त्यामुळे सही करून बसलेली माणसे एका रात्रीत मोकळी झाली. बायडन यांचा २०२१ चा आदेश २० जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे ट्रम्प यांच्या नव्या कारकिर्दीच्या पहिल्याच दिवशी रद्द झाला. दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांनी हेच केले आहे. ज्या बंधनाची चावी बांधणाऱ्याच्याच खिशात असते, ते त्याच्या माणसांना शेवटपर्यंत बांधत नाही. म्हणून आपल्याकडे मागणी करायची असेल तर शासन निर्णयाची करू नये. शासन निर्णय एका दिवसात निघतो आणि तितक्याच सहजपणे अधिक्रमित होतो. विधिमंडळाने संमत केलेला अधिनियमच हवा.

याहून मोठी गोष्ट नोंदीची आहे. उद्योजक भाऊंनी पाहिलेले गृहस्थ नोंद न करता आत गेले, खरी मेख तिथे आहे. युरोपीय संघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाने १ डिसेंबर २०१४ पासून आयुक्त, त्यांच्या खासगी कार्यालयातील सल्लागार आणि महासंचालक यांच्या लॉबिस्टांशी होणाऱ्या भेटी संकेतस्थळावर जाहीर करायला सुरुवात केली. कोण भेटले, केव्हा भेटले आणि विषय काय होता, एवढेच त्यात असते. चिली देशाने २०१४ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदाच केला. आपल्याकडे २०१२ मध्ये अमेरिकेच्या वॉलमार्ट कंपनीच्या लॉबिंगवरून संसदेत गदारोळ झाला, आणि २०१३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची समिती नेमावी लागली. ती माहिती बाहेर कशी आली? अमेरिकेच्या कायद्यानुसार तिथल्या संसदेत दाखल केलेल्या विवरणपत्रातून. भारताच्या बाजारपेठेबद्दल कोणी कोणापुढे किती खर्चाने बाजू मांडली, हे आपल्याला दुसऱ्या देशाच्या दप्तरातून कळले. याची मला आजही खंत वाटते.


पूर्व_नागपूर_कार्यकर्ता

सर्वांचा आदर ठेवून वेगळे मत मांडतो. वीस-वीस वर्षे पक्षासाठी सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला कधीतरी एखादे महामंडळ मिळते, आणि तेही सरकार टिकेपर्यंत. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतन मिळते, आमदाराला मिळते, महामंडळाच्या सदस्याला पद गेल्यावर काहीही मिळत नाही. त्याने पुढे पोट कसे भरायचे? दोन वर्षे कोणाचेही काम करू नका असा कायदा केला, तर ज्यांच्या घरी मुळात पैसा आहे तेच लोक राजकारणात पदे घेतील आणि सामान्य घरातला माणूस दूर राहील. शिवाय लोकांची कामे घेऊन कार्यालयात जाणे हे आमचे कर्तव्यच आहे. निराधार योजनेचा अर्ज घेऊन जाणारा माजी सदस्य आणि कंपनीची निविदा घेऊन जाणारा माजी सदस्य यांना एकाच मापाने मोजू नये.


धरमपेठकर (धागाकर्ता)

कार्यकर्ता भाऊ, तुमचे म्हणणे मला रास्त वाटते आणि मसुद्यात त्याला जागा द्यावीच लागेल. उपजीविकेवर बंदी घालावी असे इथे कोणी म्हटलेले नाही. वनविकास महामंडळावर असलेल्या व्यक्तीने पुढे शेती करावी, दुकान टाकावे, बांधकाम व्यवसाय करावा, शाळा चालवावी. लाकडाच्या लिलावात बोली लावणाऱ्या व्यापाऱ्याकडून पैसे घेऊन त्याच महामंडळात त्याची बाजू मांडू नये, एवढेच बंधन आणि तेही ठरावीक मुदतीपुरते. मोबदला न घेता, निराधार योजना असो की घरकुल, नागरिकाचे काम घेऊन जाण्यास पूर्ण मोकळीक असावी. मोबदला आहे की नाही, ही सीमारेषा न्यायालयालाही समजते आणि सामान्य माणसालाही.

निवृत्तिवेतनाच्या मुद्द्यावर मात्र मी वेगळा विचार करतो. ज्या पदाबरोबर राज्यमंत्र्याचा दर्जा, गाडी आणि कार्यालयीन कर्मचारी मिळतात, त्या पदाबरोबर जबाबदारीही मिळते. मानधन अपुरे असेल तर ते वाढवून मागावे, विधिमंडळात त्यावर उघड चर्चा व्हावी. पद सुटल्यानंतर ओळखीतून होणारी कमाई हा त्या अपुरेपणावरचा उपाय होऊ शकत नाही, कारण ती रक्कम शेवटी उद्योजक भाऊंसारख्यांच्या खिशातून जाते किंवा निविदेच्या दरात चढते.


निवृत्त_लेखाधिकारी

मी एका शासकीय महामंडळाच्या लेखा शाखेत नोकरी केली. माजी पदाधिकारी दालनात आले की खुर्चीवरचा कनिष्ठ अधिकारी अवघडतो. काल ज्यांच्या सहीने त्याचा गोपनीय अहवाल पुढे गेला, त्यांना आज ‘आपण रांगेत या’ असे कसे म्हणणार? आलेली सूचना तोंडी असते, टिपणीवर काहीच उमटत नाही, आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की उत्तर त्या कनिष्ठालाच द्यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेत, तोंडी आदेशांवर काम करू नये, त्यांची लेखी नोंद घ्यावी, असे स्पष्ट सांगितले आहे. तोच न्याय बाहेरच्या व्यक्तींच्या शिफारशींना लावावा. कोणी फोन केला, कोणी भेटून सांगितले, याची तारीखवार नोंद नस्तीतच राहावी. ती नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षणही हवे, नाहीतर गडचिरोलीची बदली ठरलेली.


वकील_सिव्हिल_लाइन्स

चर्चा इतकी पुढे आली आहे, तर मसुद्यासाठी काही गोष्टी निश्चित करता येतील. पहिली गोष्ट व्याप्तीची. मंत्री, महामंडळे व प्राधिकरणांचे शासननियुक्त अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सदस्य, तसेच मंत्री कार्यालयात कंत्राटी वा मानद स्वरूपात घेतलेल्या सर्व व्यक्ती. मानद पदे वगळली तर संपूर्ण कायदा त्याच फटीतून निसटेल. मुदतीबाबत माझे मत असे की स्वतः हाताळलेल्या प्रकरणात बंदी कायमची असावी आणि जुन्या खात्याशी मोबदल्याने संपर्क साधण्यावर दोन वर्षांची. घटनेच्या अनुच्छेद १९(१)(छ) खाली व्यवसायस्वातंत्र्याचा आक्षेप येणारच, पण १९(६) खाली सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंध घालता येतात, आणि बंदी जितकी नेमकी तितकी ती टिकण्याची शक्यता जास्त. म्हणूनच सरसकट नोकरीबंदीला माझा विरोध आहे.

सूट द्यावी लागली तर ती कारणांसह राजपत्रात प्रसिद्ध व्हावी. अंमलबजावणी सरकारच्याच एखाद्या विभागाकडे ठेवू नये. महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोकायुक्तांचा कायदा करून देशात पुढाकार घेतला होता. नवे लोकायुक्त विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये संमत केले, आणि ही दोन्ही अधिवेशने नागपुरातच झाली. तक्रारींचा निर्णय लोकायुक्तांकडे सोपवणे मला सर्वांत सरळ वाटते.


बुटीबोरी_उद्योजक

वकीलसाहेबांच्या मसुद्याला माझी सहमती आहे. एक भर घालावी. अर्जाची सद्यःस्थिती, शेऱ्यासह आणि त्रुटीच्या पत्रासह, अर्जदाराला ऑनलाइन दिसावी. त्या गृहस्थांनी मला जे विकायला काढले होते ती माझ्याच नस्तीची माहिती होती. ती मला घरबसल्या मिळाली असती तर त्यांच्याकडे विकायला काही उरलेच नसते.


धरमपेठकर (धागाकर्ता)

ही भर मसुद्यात घेतो. आता पुढच्या कामाबद्दल. विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे अर्ज जाण्यासाठी तो सदस्यामार्फत सादर व्हावा लागतो, त्यामुळे नागपुरातील सर्वपक्षीय आमदारांना आपण एकच मसुदा देऊ आणि जे कोणी प्रतिस्वाक्षरी करतील त्यांच्यामार्फत तो पाठवू. वकीलसाहेबांनी व्याप्ती, मुदत आणि सूट यांची कलमे लिहावीत, रामदासपेठच्या ताईंनी भेटींच्या नोंदवहीचा नमुना तयार करावा आणि लेखाधिकारी साहेबांनी तोंडी शिफारशींच्या नोंदीचे कलम पाहावे. कार्यकर्ता भाऊ, विनामोबदला लोककार्याच्या सवलतीचे कलम तुम्हीच लिहावे अशी माझी विनंती आहे, कारण ती सवलत कुठे लागते हे आमच्यापेक्षा तुम्हाला अधिक ठाऊक आहे. सर्वांची कलमे याच धाग्यावर टाकावीत, म्हणजे प्रत्येक बदल सगळ्यांसमोर होईल.